भीमानगरची उगवत

इतर ठिकाणी शाखाप्रमुख नेमायचा तर अर्ज मागवतात, मुलाखती घेतात, कुणाकुणाच्या चिठ्ठ्या येतात. बारामतीत भिगवण रस्त्यावर खताच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या ऋषिराजनं यातलं काहीच केलं नाही. त्यानं दोन मुलींना शहरं बांधायला बसवलं.

ऋषिराज वडगाव निंबाळकरचा. घरचा ऊस, गोठाभर जर्सी गाई. पुण्यात शिकायला गेला तो कॉम्प्युटरचं वेड घेऊनच परतला. पोरगा कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहील अशी वडिलांची आशा होती. त्याऐवजी टाइपरायटरला टीव्ही जोडल्यासारखी यंत्रं मांडून हा गडी माडीवर बसला. चपला जिन्यातच काढायच्या, यंत्राला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि संध्याकाळी प्रत्येक यंत्राला शिंप्याकडून शिवून आणलेला अंगरखा घालायचा, असे त्याचे नियम होते. लोक हसले. मग त्याच लोकांनी आपापली पोरं क्लासला घातली.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यानं इंदापूरला शाखा काढायचं ठरवलं. ती सांभाळण्याजोग्या दोघीच होत्या आणि दोघी सारख्याच हुशार. पिंपळीची राजलक्ष्मी आणि पळसदेवच्या पलीकडची ज्योत्स्ना. एकीला दिलं तर दुसरी नाराज होणार, म्हणून ऋषिराजनं पुण्याहून फ्लॉप्यांवर उतरवून आणलेला एक खेळ दोघींच्या यंत्रांवर चढवला. पडद्यावर मोकळी जमीन, मधून वाहणारी एक नदी. हिरवे चौकोन आखले की तिथं घरं उठायची, निळ्या चौकोनांत दुकानं, पिवळ्यांत कारखाने. रस्ते, वीज, पाणी, शाळा, दवाखाने सगळं आपण द्यायचं. बरं वाटलं तर माणसं राहायला यायची, नाही वाटलं तर गाशा गुंडाळून निघून जायची. किती माणसं राहतात तो आकडा कोपऱ्यात सतत दिसायचा.

शाखा चालवणं म्हणजे गाव वसवणंच की, असं ऋषिराजचं म्हणणं. दसऱ्याला इंदापूरचं उद्घाटन. त्या दिवशी दोन्ही शहरं सगळ्यांपुढं मांडायची. जिचं लाखाच्या वर जाईल, तिला इंदापूर.

खुळचट वाटतं ऐकायला. ज्योत्स्नालाही आधी तसंच वाटलं. पण इंदापूरचं नाव निघालं आणि ती खुर्ची पुढं ओढून बसली. वडील रविंद्र इंदापुरातच शाळेत शिक्षक. घर तिथून जवळ. आणि घरात आबा होते.

आबा म्हणजे धोंडीबा, तिचे आजोबा. सत्तरी ओलांडलेली, पण ताठ कणा आणि हातात बाभळीची काठी. छप्पन साली ऐन उमेदीत त्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. पुढं उजनीचं धरण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे जुन्या देवळाचं शिखर बघायला काठावर जमायचे. आबा शिखराकडं बघायचेही नाहीत. काठी उचलून दुसऱ्याच बाजूचं पाणी दाखवायचे आणि नातीला सांगायचे, तितं आपली विहीर, तितं आपला लिंब. त्या बाजूला पाण्याशिवाय काहीच दिसायचं नाही, पण ज्योत्स्नाला ती विहीर पाठ झाली होती.

नवं गावठाण आखलं गेलं तेव्हाची गोष्ट तर घरात शंभरदा सांगून झालेली. गावची सभा भरली होती. पुनर्वसन खात्याच्या साहेबानं टेबलावर नकाशा पसरला होता आणि पुढची मंडळी त्यावर वाकून बघत होती. आबा मागून उठले आणि म्हणाले, गाव नवं हाय तर आमालाबी नकाशा बघू द्या, आमची घरं कुठं ते आमी सांगतो. कुणीतरी म्हणालं, तुमचं नेहमीसारखं उगवतीला, त्यात बघायचं काय. साहेबानं नकाशाची सुरळी केली आणि सभा संपली. घरं उगवतीलाच पडली, गावापासून सुटी. आबा हे रागानं सांगायचे नाहीत. पण सुरळीशी आले की थांबायचे आणि काठीनं जमिनीवर उगाच रेघ ओढायचे.

तेव्हा इंदापूर म्हणजे नुसती खुर्ची नव्हती. आपल्या घरातलं कुणीतरी नकाशाच्या पुढं बसलेलं आबांना दिसावं, एवढं तिला हवं होतं.

तिनं शहराचं नाव ठेवलं भीमानगर. आधी पाण्याचे नळ टाकले, कारण पाण्याचा हिशेब तिच्या रक्तातच होता. राजलक्ष्मीनं आधी कारखाने उठवले, कारण तिनं जन्मापासून तेच पाहिलं होतं. कारखाना आला की बँक येते, बँक आली की शाळा येते, असं ती ठामपणे सांगायची. धुराड्यांच्या रांगा लागल्या आणि तिचा आकडा उड्या मारत वर गेला. ज्योत्स्नाचं शहर हळू वाढलं पण देखणं वाढलं. नदीकाठाला झाडं, मध्यभागी बाग, बागेभोवती शाळा, कॉलेज, दवाखाना, बाजारपेठ. रस्ते सुतात. वीज जायच्या आत फ्लॉपीवर उतरवून घ्यायची सवय तिनं लावून घेतली होती, त्यामुळं लोडशेडिंगनं राजलक्ष्मीची अख्खी पेठ एकदा गिळली तेव्हा भीमानगर मात्र शाबूत राहिलं. क्लासची पोरं तिच्या खुर्चीमागं उभी राहून बघायची. ऋषिराज येता-जाता म्हणायचा, मॅडम, मलाबी एक प्लॉट ठेवा.

श्रावणापर्यंत सत्तर हजार झाले. आणि तिथंच गाडं अडलं.

काही केल्या आकडा पुढं सरकेना. तिनं कर कमी केला, वीज वाढवली, आणखी एक दवाखाना दिला. चार माणसं यायची आणि पाच जायची. शहराच्या एका कडेची घरं काळी पडायची, ओस व्हायची. तिनं ती पुन्हापुन्हा वसवली, ती पुन्हापुन्हा ओस पडली. नेमकं कुठं घोडं पेंड खातंय ते कळेना. तिकडं राजलक्ष्मी ऐंशीच्या पुढं निघाली होती.

त्याच आठवड्यात आबा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा दाखवायला बारामतीला आले. नवा चष्मा मिळाला होता आणि दिसेल ते बघून घ्यायची घाई झाली होती. रविंद्रनं त्यांना दुपारी माडीवर आणून सोडलं. आबांनी जिन्यात वहाणा काढल्या, हात धुतले आणि ज्योत्स्नाच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. ती उत्साहानं दाखवत सुटली. ही बाग, ही शाळा, हा बाजार.

आबांनी पहिला प्रश्न विचारला तो नदीचा. ती वाहते कुणीकडून कुणीकडं? ज्योत्स्नानं बोटानं दाखवलं, डावीकडून उजवीकडं. आबांनी मान हलवली. मग काठी उचलून तिचं टोक पडद्याच्या उजव्या कडेला अलगद टेकवलं, अगदी त्या काळ्या पडणाऱ्या घरांवर.

"ही आपली वस्ती," ते म्हणाले.

ज्योत्स्नाला कळेना. ती म्हणाली, आबा, ती कामगारांची घरं हायेत, नाव-गाव काही दिलेलं न्हाय.

"नाव कशाला पायजे? उगवतीला हाय. गावात न् हिच्यात मोकळं रान सोडलंय. वाट एकच. शाळा न्हाय, दवाखाना न्हाय, आन गावचा सगळा धूर हिच्या अंगावर." आणि मग आबा हसले, मनापासून, नातीच्या पाठीवर हात ठेवून. "बरं केलंस बाय. शहर बांधलंस पर आपल्या मान्सांना इसरली न्हाईस."

राग आला असता तर बरं झालं असतं. आबांना कौतुक वाटलं होतं, तेच तिला सहन होईना. ते गेल्यावर ती पडद्याकडं बघत बसली. मोकळं रान कुणी सोडलं? तिनंच. एकच रस्ता कुणी दिला? तिनंच. गावची शाळा आहे की, तिकडून येतील पोरं, असा विचार कुणी केला? त्यात काही विचार केल्याचंही तिला आठवत नव्हतं. कामगारांसाठी घरं हवीत असं मनात आलं आणि हात आपोआप उजव्या कडेला गेला होता. लहानपणापासून गाव म्हणजे हेच पाहिलेलं. वारा मावळतीकडून येतो, नदी उगवतीला जाते, म्हणजे गावाचं झालं की उरलंसुरलं आपल्याकडं. गाव तिथं महारवाडा ही म्हण रचणारे मेले, त्यांची हाडंही उरली नाहीत. पण ती म्हण धोंडीबाच्या नातीनं, कुणी सांगितलं नसताना, कॉम्प्युटरवर खरी करून दाखवली होती. तिला लाज वाटली. एवढी लाज तिला दुसऱ्या कुणी दिलेल्या शिवीनंही वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी तिनं राजलक्ष्मीला सगळं सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण पोटात राहीना. राजलक्ष्मी ऐकत होती. मग उठून आपल्या यंत्रापाशी गेली आणि तिनं आपलं शहर उघडलं. धुराड्यांच्या पलीकडं, उजव्या कडेला, मोकळं रान सोडून, एका वाटेवर तिचीही तशीच हिरवी चौकट होती.

"माझंबी तसंच हाय की गं," ती हळूच म्हणाली.

ऋषिराजला बोलावलं. त्यानं हसत हसत बाकीच्या पोरांची शहरं उघडली. तीही वेळ मिळेल तशी खेळायचीच. एकेक शहर उघडत गेलं तसं त्याचं हसू मावळत गेलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणाला माहीतही नव्हतं. ऋषिराजनं शेवटचं शहर बंद केलं, यंत्राला अंगरखा घातला आणि त्या दिवशी क्लास लवकर सोडला.

ज्योत्स्नानं ठरवलं, मोडायचं. पण इथं आणखी एक गोष्ट आडवी आली. खेळात घर पाडणं फार सोपं होतं. एक टिचकी, की धुरळा उडून जमीन मोकळी. माणसं कुठं गेली ते खेळ सांगत नसे. धरणाच्या वेळी नवे प्लॉट मिळेपर्यंत सडकेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये काढलेला एक पावसाळा तिला अंधुकसा आठवत होता. आईनं तिला भांड्यांच्या पाटीत झोपवलं होतं, कारण कोरडी जागा तेवढीच होती. तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं की आधी घर उठेल आणि मगच जुनं पडेल. पत्र्याची शेड भीमानगरात होणार नाही.

नवी घरं बांधायची तर शहराच्या मध्यात जागा हवी. जागा होती फक्त बागेची. सगळ्या क्लासनं कौतुक केलेली ती बाग तिनं निम्मी मोडली आणि शाळा-बाजाराच्या मधोमध हिरवे चौकोन आखले. तिजोरी रिकामी झाली. माणसं बाग गेली म्हणून कुरकुरत निघून गेली आणि आकडा सत्तरवरून घसरत साठाच्या आत आला. ऋषिराजला राहवेना. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस, असं त्यानं समजावलं. दसरा तोंडावर आलाय, राजलक्ष्मी नव्वदला टेकलीय, आत्ता जपून पुढं जा, मोडतोड नंतर कर. तो तिच्या भल्याचंच सांगत होता.

ज्योत्स्नानं हात माउसवरून काढला नाही. "सर, हे असंच ठेवून मिळालेलं इंदापूर मला नको," ती म्हणाली.

ऋषिराजनं पुन्हा विषय काढला नाही. फक्त संध्याकाळी क्लासची किल्ली तिच्या टेबलावर ठेवून गेला, सकाळी लवकर यायचं असेल तर, म्हणून.

ती सकाळी लवकर येऊ लागली. मधली घरं भरली, तेव्हाच तिनं उगवतीची एकेक काळी इमारत उतरवली आणि तिथं झाडं लावली, धूर अडवायला. मोकळ्या रानात बाजार भरवला. जिथं एकच वाट होती तिथं रस्ते सोडले. आणि मग शहरानं श्वास घेतल्यासारखं झालं. कामाला जाणारी माणसं कामाजवळच राहत होती, त्या एका वाटेवरचा गाड्यांचा गुंता सुटला होता, ओस पडायला घरंच उरली नव्हती. साठाचे सत्तर झाले, सत्तर कधी ओलांडले ते कळलं नाही. राजलक्ष्मी मात्र नव्वदच्या पुढं अडखळत होती. तिच्या उजव्या कडेची घरं आता काळी पडायला लागली होती. मोड की, असं ज्योत्स्नानं तिला स्वतःहून सुचवलं. मला मोडायचा धीर व्हत न्हाय, राजलक्ष्मी म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी दोन यंत्रं गोधड्यांत गुंडाळून टेम्पोतून इंदापूरला गेली. स्टँडजवळची खोली नवी रंगवलेली, दाराला झेंडूचं तोरण, टेबलावर पेढ्यांचं खोकं. ऋषिराजचे वडील आले होते, कडक इस्त्रीच्या टोपीत, पोराकडं कौतुकानं बघत आणि बघत नसल्यासारखं दाखवत. पालक आले, शिक्षक आले. दसऱ्याचा दिवस म्हणजे आबांचा दीक्षेचा दिवस. विहारातली वंदना आटोपून ते रविंद्रबरोबर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. ऋषिराजनं पुढं होऊन त्यांना जय भीम केला आणि यंत्रासमोरची, अगदी मधली खुर्ची दिली.

दोन्ही शहरं चालू झाली. राजलक्ष्मीचा आकडा चौऱ्याण्णव हजारांच्या आसपास खालीवर करत राहिला. भीमानगरचा अठ्ठ्याण्णवच्या पुढं गेला, नव्व्याण्णववर रेंगाळला. मागची माणसं पुढं सरकली. आणि मग कोपऱ्यातला आकडा बदलला आणि त्याला एक अंक जास्त आला.

टाळ्या पडल्या. सर्वांत आधी राजलक्ष्मीनं वाजवल्या. ऋषिराजनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आजपासून इंदापूरची शाखा ज्योत्स्ना मॅडमची. रविंद्र खिशातला रुमाल शोधत राहिला. ज्योत्स्नाला अभिमानानं रडू येत होतं आणि तिनं ते येऊ दिलं.

एकट्या आबांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आकड्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते पडद्याच्या उजव्या कडेला नाक लावून बसले होते.

"बाय, नदी हितनं तिकडं जाते न्हवं?"

"व्हय, आबा."

"मग उगवतीला झाडं हायेत, बाजार हाय. आपली वस्ती कुठाय?"

तिला सगळं सांगता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "शोधा की, आबा."

आबांनी काठी उचलली. टोक कडेनं फिरलं, झाडांवरून खाली आलं, बाजाराशी थांबलं, पुढं गेलं. शाळेभोवती घरं होती, बाजाराभोवती घरं होती, नदीला लागून घरं होती, आणि कुठल्याच घराभोवती मोकळं रान सोडलेलं नव्हतं. माणसं भोवती जमली. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला आणि सगळं शहर पुन्हा मावळतीपासून उगवतीपर्यंत बघितलं. काठी हवेतच राहिली. तिला टेकायला जागा सापडेना.

आबांनी ती हळूच खाली घेतली आणि खुर्चीतून उठले. ताठ उभे राहिले. त्या सभेत मागून उठले तेव्हा असेच उभे राहिले असतील, असं ज्योत्स्नाला वाटलं. ते खोलीकडं वळले आणि दारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"माझ्या नातीनं लाख मान्सांचं शहर वसवलंय. मी सगळं बघितलं. त्यात आमची वस्ती सापडत न्हाय."

ऋषिराजच्या वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. ऋषिराजनं पेढ्यांचं खोकं आबांपुढं धरलं. आबांनी एक उचलला, निम्मा ज्योत्स्नाला भरवला, उरलेला स्वतःच्या तोंडात टाकला आणि पुन्हा नकाशापुढच्या खुर्चीत जाऊन बसले.